बीएएसएलपीला जायचंय? श्रवण आणि वाचाशास्त्राच्या पदवीची पायरीपायरीने माहिती

बारावीचा निकाल लागला की मला फोन येऊ लागतात. कुणाची भाची, कुणाचा शेजारी, कुणाची मुलगी. "नीटला गुण कमी पडलेत, फिजिओ मिळेलसं वाटत नाही. ते स्पीच थेरपीचं असतं ना, ते कसं आहे?" ही पदवी मी मुंबईत केली आणि आता जिल्ह्याच्या गावी माझं छोटं क्लिनिक आहे. या प्रश्नाचं उत्तर फोनवर पाच मिनिटांत देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पदवीचं पूर्ण नाव बॅचलर ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. सगळे बीएएसएलपीच म्हणतात. सहा सत्रांची तीन वर्षं आणि त्यानंतर वर्षभराची इंटर्नशिप, अशी चार वर्षं. एकाच पदवीत दोन कामं शिकवली जातात. एक ऐकण्याचं: कानाची तपासणी, श्रवणयंत्र, कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र). दुसरं बोलण्याचं आणि भाषेचं: उशिरा बोलणारी मुलं, तोतरेपणा, आवाज बसणं, पक्षाघातानंतर गेलेली वाचा, गिळण्याचा त्रास.

माझं ठाम मत आधीच सांगते. या अभ्यासक्रमासाठी कॉलेज निवडताना इमारत, वसतिगृह, शहर हे सगळं नंतर बघा. आधी बघा की तिथल्या ओपीडीत रोज किती आणि कसले रुग्ण येतात. हे शास्त्र पुस्तकातून निम्मंच येतं.

१. अर्ज भरण्याआधी एक दिवस काम बघून या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. तुम्ही गाळू नका.

बघायला कुठे जायचं? जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचं केंद्र असतं, म्हणजे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार सुरू करण्याचं केंद्र. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही केंद्रं आली. तिथे श्रवण व वाचा उपचारतज्ज्ञाचं पद असतं. शिवाय कान-नाक-घसा विभागाची ओपीडी, कर्णबधिर मुलांची शाळा, एखादं खासगी क्लिनिक. आधी फोन करून परवानगी मागा, रुग्णाच्या घरच्यांची हरकत नसेल तरच बसा, आणि मोबाइल पिशवीत ठेवा.

काय दिसेल? तीन वर्षांचा मुलगा आणि थेरपिस्ट अर्धा-पाऊण तास चेंडूशी खेळताहेत, आणि तेवढ्या वेळात त्याच्या तोंडून "दे" हा एकच शब्द निघतोय. पक्षाघात झालेले एक काका बायकोकडे बघताहेत, ती कोण हे त्यांना पक्कं माहीत आहे, नाव मात्र जिभेवर येत नाही. वर्गात ओरडून आवाज बसलेल्या शिक्षिका. वर्षानुवर्षं यंत्रांच्या आवाजात काम केलेला कामगार, ज्याच्या श्रवण आलेखात ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांच्या, आसपास खड्डा पडलाय.

हे बघताना स्वतःकडे लक्ष द्या. त्या "दे"साठी पाऊण तास गेला याचा कंटाळा आला की आनंद झाला? आनंद झाला असेल तर पुढचं वाचा. कंटाळा आला असेल तरी लगेच नाही म्हणू नका, श्रवणाची बाजू बघा. भौतिकशास्त्र आवडणारी, यंत्रात रमणारी मुलं तिथे फार चांगली रुळतात. मात्र पदवीत दोन्ही बाजू शिकाव्याच लागतात. एकच निवडायची मुभा पदव्युत्तर शिक्षणात मिळते.

२. पदवी कुठली ते नीट समजून घ्या

सारख्या वाटणाऱ्या नावांमुळे इथे मुलं फसतात, आणि त्यात वर्षंही जातात.

डीएचएलएस हा ऐकणं-बोलणं-भाषा यांचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. त्यातून सहायक म्हणून काम मिळतं, स्वतंत्र निदान करणारा तज्ज्ञ होता येत नाही. कर्णबधिरांसाठीचं विशेष बीएड किंवा डीएड हे शिक्षकाचं शिक्षण आहे. काम तेवढंच मोलाचं, पण वेगळं. आणि "सहा महिन्यांत स्पीच थेरपिस्ट व्हा" अशा जाहिराती दिसल्या तर दूर राहा.

कारण कायदा स्पष्ट आहे. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२ च्या कायद्याने चालते. तिच्या केंद्रीय नोंदवहीत (सीआरआर) नाव नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणं हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ज्या अभ्यासक्रमाच्या शेवटी ही नोंदणी मिळत नाही, त्यात तज्ज्ञ होण्यासाठी पैसे घालू नका.

त्यामुळे कुठल्याही कॉलेजचं माहितीपत्रक हातात आलं की सगळ्यात आधी आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत ते कॉलेज शोधा. नाव सापडलं म्हणजे झालं असं नाही. मान्यता ठरावीक मुदतीची असते, म्हणून तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेताय ते वर्ष त्या मुदतीत बसतं का तेही तपासा. "मान्यता येणारच आहे, प्रक्रिया चालू आहे" असं कुणी सांगितलं, तर ती येईपर्यंत फी भरू नका.

३. पात्रता आणि प्रवेशाच्या वाटा

आरसीआयच्या नियमानुसार बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवं. त्यासोबत जीवशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मानसशास्त्र यांपैकी एक विषय चालतो. हे वाचून गणितवाली मुलं खूश होतात, पण थांबा.

महाराष्ट्रातल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांचे प्रवेश राज्य सीईटी कक्षामार्फत, नीट-यूजीच्या गुणांवर होतात. नीट म्हटलं की जीवशास्त्र आलंच. म्हणजे जीवशास्त्र सोडलेल्या मुलांना ही वाट बंद आहे. त्यांनी राज्याबाहेरच्या आणि स्वतंत्र प्रवेशप्रक्रिया असलेल्या संस्थांकडे बघावं, आणि प्रत्येक संस्थेची विषयांची अट तिच्याच माहितीपत्रकात वाचावी.

इथले दोन सापळे सांगते.

पहिला: "मला डॉक्टर व्हायचंच नाही, मग नीट कशाला?" म्हणून परीक्षाच न देणं. नीटचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या सुमारास बंद होतो. बीएएसएलपीचा विचार निकालानंतर मनात आला तर तोवर वर्ष गेलेलं असतं. थोडासा जरी विचार असेल तरी नीट द्या.

दुसरा: नीट दिली म्हणजे राज्याच्या प्रवेशाला नाव लागलं असं समजणं. तसं नाही. निकालानंतर राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते, वेगळं शुल्क भरावं लागतं, कागदपत्रं चढवावी लागतात. तिथली मुदत काही दिवसांचीच असते.

महाराष्ट्रात ठळक नावं तीन. मुंबईचं टोपीवाला महाविद्यालय आणि नायर रुग्णालय. १९६० च्या दशकात देशात या विषयाचं शिक्षण सुरू झालं त्या पहिल्या ठिकाणांपैकी हे एक. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. आणि पुण्याचं भारती विद्यापीठ. ते अभिमत विद्यापीठ असल्यामुळे तिथली प्रक्रिया आणि फी दोन्ही वेगळी. राज्याबाहेर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, जिला सगळे आयिश म्हणतात, १९६५ साली स्थापन झाली. ती पदवीसाठी स्वतःची प्रवेशपरीक्षा घेत आली आहे. मणिपाल, चेन्नईचं श्रीरामचंद्र, पुदुच्चेरीचं जिपमेर, चंदीगडचं पीजीआय इथेही हा विषय आहे.

आयिशबद्दल मराठी मुलं नेहमी विचारतात. ग्रंथालय, यंत्रसामग्री, संशोधन यांत ती देशात फार वरची संस्था आहे. पण ओपीडीतले बहुतेक रुग्ण कन्नड बोलतात. तिथे गेलात तर कामापुरती कन्नड शिकावीच लागेल, कारण मुलाशी त्याच्या भाषेत खेळता आलं नाही तर थेरपी होतच नाही. ज्यांना नवी भाषा शिकायची हौस आहे त्यांनी जरूर जावं.

४. कागदपत्रं, आधीच जमवून ठेवा

राज्याच्या प्रवेशप्रक्रियेसाठी साधारण हे लागतं:

- नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक
- दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी) आणि बारावीची गुणपत्रिका
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
- अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचं प्रमाणपत्र
- आधार कार्ड, फोटो
- वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, ठरलेल्या नमुन्यात
- आरक्षण असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रीमिलेअर
- आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज असेल तर त्याचं प्रमाणपत्र
- मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र

यात सगळ्यात जास्त वेळ खातं ते जात वैधता प्रमाणपत्र. अकरावीत असतानाच त्याचा अर्ज टाका. नॉन-क्रीमिलेअरची मुदत प्रवेशाच्या वेळी संपलेली नसावी. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि नीटच्या अर्जातलं नाव एकच आहे का ते आजच बघा. आईच्या नावाच्या स्पेलिंगमधला एखाद्या अक्षराचा फरकही पडताळणीच्या टेबलावर अडवतो. प्रत्येक कागदाच्या तीन-चार झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्पष्ट स्कॅन ठेवा.

५. प्राधान्यक्रम भरताना

एमबीबीएस-बीडीएससाठी, आयुष अभ्यासक्रमांसाठी आणि फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, बीएएसएलपी यांच्यासाठी प्राधान्यक्रम वेगवेगळा भरायचा असतो. पहिल्या गटाचा भरून निवांत बसलेली मुलं शेवटी विचारत येतात की आमचं नाव यादीत का नाही.

"आधी फिजिओ, मिळालं नाही तर बीएएसएलपी" असा क्रम बरेच जण लावतात. ज्याला खरंच फिजिओथेरपी हवी आहे त्याचं ठीक. पण पायरी १ मधला दिवस घालवून तुमचं मन या कामावर बसलं असेल तर ते वरच लिहा. खाली लिहिलेलं मिळालं, तर चार वर्षं "मला हे नकोच होतं" अशा मनाने रुग्णासमोर बसावं लागतं, आणि रुग्णाला ते कळतं.

जागा मिळाल्यावर प्रवेश घेताना स्टेटस रिटेन्शनचा अर्ज समोर येतो. तो भरला म्हणजे मला हीच जागा हवी, पुढच्या फेरीत माझा विचार करू नका, असं तुम्ही लिहून देता. घाईत सही करू नका. आणि पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचं काही मिळालं तर आधीची जागा आपोआप जाते, तेव्हा जे खरोखर नको आहे ते प्राधान्ययादीत ठेवूच नका.

कॉलेज निवडताना तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून हे विचारा: दिवसाला किती नवे रुग्ण येतात? दुसऱ्या वर्षाला स्वतःच्या हाताने ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्राने ऐकण्याची तपासणी, करायला मिळते की फक्त बघायला? बेरा आणि ओएई ही यंत्रं (रुग्णाने उत्तर न देताही ऐकणं तपासणारी) चालू आहेत का? पक्षाघाताचे, दुभंगलेल्या टाळूचे, कॉक्लियर इम्प्लांटचे रुग्ण येतात का? सुपरव्हायजर थेरपी चालू असताना खोलीत येतात का? हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. शेजारी बसून "आता थांब, त्याला बोलू दे" असं सांगणारं माणूस असेल तर विद्यार्थी लवकर घडतो.

६. पहिलं वर्ष कसं काढायचं

पहिल्या वर्षी विषयांची गर्दी पाहून गोंधळायला होतं. कान आणि स्वरयंत्राची शरीररचना, ध्वनीचं भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, मानसशास्त्र, भाषाशास्त्र आणि ध्वनिविज्ञान. "मी आरोग्याच्या शाखेत आले, मग भाषाशास्त्र कशाला?" हा प्रश्न तिसऱ्या सत्रात सुटतो, जेव्हा "काका"ला "टाटा" म्हणणारं मूल समोर येतं आणि नेमका कुठला ध्वनी, कुठल्या जागी, कशाने बदलला हे लिहावं लागतं.

ध्वनिलेखनासाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकवतात. ती पाठ करून येत नाही. एसटी स्टँडवर, भाजी बाजारात कानावर पडलेली दोन-तीन वाक्यं रोज त्या लिपीत लिहा. मराठीतून सुरुवात केलीत तर एक गोष्ट लगेच लक्षात येईल. "चहा"तला च आणि "चाक"मधला च वेगळे आहेत, "जीभ"मधला ज आणि "जाळं"मधला ज वेगळे आहेत, आणि देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. इंग्रजी किंवा हिंदीवरून उतरवलेल्या चाचण्यांत हा फरक निसटतो, ळ तर बहुतेकदा नसतोच. मराठी मुलाची तपासणी करणाऱ्याने ही जाण घेऊनच बसायला हवं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी संज्ञांची पहिले काही महिने धास्ती वाटते. एक वही करा, डाव्या पानावर संज्ञा, उजव्या पानावर ती आजीला कशी समजावाल ते. पुढे समुपदेशनात हीच वही कामाला येते.

७. क्लिनिक: खरं शिक्षण इथे

सोबत काय ठेवायचं: एप्रन, टॉर्च, लाकडी टंग डिप्रेसर (जीभ दाबायची पट्टी), हातमोजे, छोटा आरसा (बोलताना नाकातून हवा जाते का ते नाकाखाली धरून बघायला), स्टॉपवॉच, खुळखुळा किंवा छोटी घंटा, चेंडू, बाहुली, पेला-चमचा, चित्रांची कार्डं आणि जाड वही. महागडी खेळणी लागत नाहीत. मुलाच्या घरात असतील अशाच वस्तू घ्या, म्हणजे आईला घरी तोच खेळ पुढे नेता येतो.

*माहिती घेताना.* "बाळाला ऐकू येतं का?" असं विचारलं तर बरेच पालक हो म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. दार आपटलं की जमिनीला हादरा बसतो, आई हात हलवते ते दिसतं, मूल वळतं. म्हणून विचारा: "पाठमोरं असताना, तुम्ही दिसत नसताना, हळू आवाजात हाक मारली तर वळतं का? दुसऱ्या खोलीत कुकरची शिट्टी झाली तर?" जन्माबद्दल विचारताना दवाखान्याचे शब्द टाळा. "जन्मल्यावर लगेच रडलं का? काचेत ठेवलं होतं का? कावीळ किती दिवस होती?" नात्यातलं लग्न आहे का हेही विचारायचंच, आणि ते दोष दिल्यासारखं वाटणार नाही अशा आवाजात.

आजी सोबत असेल तर दोन वाक्यं ऐकू येतील: "याचा बापही उशिरा बोलला" आणि "जीभ जड आहे, वेखंड उगाळून चाटवतोय." आजीला खोडून काढू नका. घरात मुलाशी सगळ्यात जास्त वेळ तीच बोलते, ती तुमच्या बाजूने आली तर निम्मं काम झालं. पण ऐकण्याची तपासणी मात्र पुढे ढकलू देऊ नका. जगभर धरला जाणारा दंडक असा आहे: महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. आपल्याकडे तीन-चार वर्षांचं मूल पहिल्यांदा कानाच्या तपासणीला येताना मी नेहमी बघते, आणि दर वेळी जीव तुटतो. मेंदूची भाषा शिकण्याची सगळ्यात चांगली वर्षं तोवर सरत आलेली असतात.

*ऑडिओमेट्री.* पद्धत तुम्हाला शिकवतीलच. चांगल्या कानापासून सुरुवात, १००० हर्ट्झवर आधी. ऐकू आलं की १० डेसिबल खाली, नाही आलं की ५ डेसिबल वर. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. अडचण येते ती माणसांत. "आवाज ऐकू आला की बोट वर करा" एवढंच सांगितलं तर वयस्क माणूस मोठा, स्पष्ट आवाज येईपर्यंत थांबतो. म्हणून सांगा: "अगदी बारीक, लांबून आल्यासारखा वाटला, खात्री नसली तरी बोट वर करा." आवाज एका ठरावीक लयीत देऊ नका, माणूस लय ओळखून बोट उचलतो. आणि तुमचा हात, तुमची नजर त्याला दिसू देऊ नका.

मास्किंग हा भाग बहुतेकांना जड जातो. मुळातलं कारण समजून घ्या. कानावर बसणाऱ्या हेडफोनमधून दिलेला आवाज साधारण ४० डेसिबलच्या फरकानंतर कवटीतून पलीकडच्या कानाला ऐकू जाऊ शकतो, आणि हाडावर ठेवलेल्या व्हायब्रेटरचा तर जवळजवळ तसाच्या तसा पोचतो. म्हणून चांगल्या कानाला खरखर ऐकवत गुंतवून ठेवायचं. हे डोक्यात बसलं की सूत्रं पाठ करावी लागत नाहीत, आणि बसलं नाही तर एका कानाने पूर्ण बहिऱ्या माणसाचा आलेख तुम्ही मध्यम दोषाचा काढाल.

या आलेखावर माणसाचे हक्क ठरतात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा दोष म्हणजे कमी ऐकू येणारी व्यक्ती आणि ७० चा म्हणजे बहिरी व्यक्ती. सवलत, नोकरीतलं आरक्षण, मुलाची शिष्यवृत्ती या आकड्याला बांधलेली असते. तेव्हा शंका आली तर रुग्णाला पाच मिनिटं विश्रांती द्या आणि पुन्हा तपासा.

*बोली आणि दोष.* वऱ्हाडातलं किंवा खानदेशातलं मूल "डोळा"ला "डोया" म्हणेल. कुणी "पाणी"ला "पानी" म्हणेल. हे उच्चारदोष नाहीत, ती त्या घरची बोली आहे. मुलाच्या आईशी दोन मिनिटं बोललात तर तिच्याही तोंडून तेच ऐकू येईल. तिथे ळ शिकवण्याची थेरपी लिहून दिलीत तर त्या घराची भाषाच तुम्ही आजार ठरवली. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, घरात गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा) बोलणारी मुलं यांची तपासणी त्यांच्या घरच्या बोलण्याशी ताडूनच करा. "घरी मराठी बंद करा, इंग्रजीच बोला, म्हणजे लवकर बोलेल" असा सल्ला पालकांना शाळेतून मिळालेला असतो. तो तुम्ही तरी देऊ नका. आईला जी भाषा मनापासून येते त्याच भाषेत मूल बोलायला शिकतं.

*नोंदी.* प्रत्येक रुग्णाची नोंद त्याच दिवशी लिहा आणि सुपरव्हायजरची सही त्याच आठवड्यात घ्या. सत्राच्या शेवटी सह्यांसाठी धावणाऱ्यांची रांग लागते. रुग्णाचा आवाज किंवा व्हिडिओ घ्यायचा असेल तर लेखी संमती घ्या, आणि तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कधीही टाकू नका.

८. इंटर्नशिप

वर्षभर वेगवेगळ्या विभागांत आणि बाहेरच्या केंद्रांत पाळ्या लागतात. स्टायपेंड संस्थेनुसार वेगळा असतो, प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवा. या वर्षात जमेल तितक्या प्रकारचे रुग्ण हातून जाऊ द्या. शक्य असेल तर गिळण्याचा त्रास असलेल्यांचा वॉर्ड, नवजात अतिदक्षता विभागातली चाळणी आणि घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांचा विभाग मागून घ्या. तंबाखूमुळे आपल्याकडे असे रुग्ण खूप आहेत, आणि त्यांना पुन्हा बोलतं करायला शिकवणारे हात कमी.

९. नोंदणी आणि पुढची वाट

इंटर्नशिप संपताच आरसीआयच्या संकेतस्थळावर नोंदणीचा अर्ज करा. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा, फोटो आणि शुल्क. मिळालेला सीआरआर क्रमांक प्रत्येक अहवालावर सहीखाली लिहायचा. नोंदणीचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सीआरई, म्हणजे व्यावसायिकांच्या पुढच्या शिक्षणाच्या, कार्यक्रमांचे गुण लागतात, तेव्हा पहिल्या वर्षापासून प्रमाणपत्रं एका फाइलला लावत जा.

कामं मिळतात रुग्णालयात, डीईआयसीत, विशेष शाळांत, श्रवणयंत्रांच्या दुकानांत, इम्प्लांट कंपन्यांत. श्रवणयंत्राच्या दुकानात सुरुवातीचा पगार बरा असतो, पण विक्रीचं लक्ष्य ठरवून देतात का ते आधी विचारा. ज्याला यंत्राची गरज नाही त्याला ते विकायला लावणारी जागा पहिल्या नोकरीसाठी नको.

परदेशी जायचं असेल तर देशागणिक अटी वेगळ्या. अमेरिकेत वाचा उपचारासाठी पदव्युत्तर पदवी आणि श्रवणशास्त्रासाठी डॉक्टरेट, म्हणजे एयूडी, लागते. ब्रिटनमध्ये वाचा उपचारतज्ज्ञाची नोंदणी एचसीपीसी या तिथल्या नोंदणी परिषदेकडे होते. सगळीकडे एक गोष्ट मागतात: कुठल्या प्रकारच्या रुग्णांवर किती तास काम केलं त्याचा तपशील आणि प्रत्येक विषयाचा पूर्ण अभ्यासक्रम, कॉलेजच्या शिक्क्यासह. कॉलेज सोडण्याआधीच लॉगबुकच्या आणि अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रतींचे दोन संच काढून घ्या. काही वर्षांनी तेच मागायला गेलात तर सही करणारे सुपरव्हायजर बदली होऊन गेलेले असतात.